सोसायटीतला म्हातारा गुलमोहर: राखायचा की नवं झाड लावायचं?

फेब्रुवारी सरत आला की सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. पानं झडलेला गुलमोहर, फांद्यांना लटकलेल्या काळ्या, तलवारीसारख्या शेंगा आणि खाली एक ओळ: ‘झाड मेलंय, पावसाळ्याआधी काढून टाका.’ आमच्या आवारात तीन गुलमोहर होते आणि तिघांबद्दल हे कधी ना कधी म्हटलं गेलं. त्यातला एक अजून फुलतो. एक काढावा लागला. तिसऱ्याचं नऊ फुटांचं खोड उभं आहे, त्याच्याकडे शेवटी येतो.

सोसायटीच्या कमिटीत बागेची जबाबदारी नव्याने अंगावर आली असेल किंवा जुन्या बंगल्यासोबत एखादं जुनं झाड वाट्याला आलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. उदाहरण गुलमोहराचं घेतलंय, कारण आपल्या शहरांत हा प्रश्न सगळ्यात जास्त त्याच्याच बाबतीत येतो. सोनमोहर, पर्जन्यवृक्ष, नीलमोहर यांनाही बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतात.

आधी महिना बघा

गुलमोहर पानगळीचं झाड आहे. हिवाळा संपताना तो पानं टाकतो आणि मार्चमध्ये सांगाड्यासारखा दिसतो. एप्रिल-मे मध्ये फुलं आणि पानं मागेपुढे येतात. साताऱ्यात १ मे हा ‘गुलमोहर दिन’ म्हणून साजरा होतो तो याच हिशोबाने. म्हणजे झाडाची तब्येत मार्चमध्ये ठरवायला गेलात तर निकाल चुकणारच. वरच्या भागाची तपासणी जुलैत करा, तेव्हा पालवी पूर्ण आलेली असते. बुंधा आणि मुळं मात्र केव्हाही तपासता येतात, पावसाच्या पहिल्या महिन्यानंतर तर जरूर बघा. भूछत्रं तेव्हाच तोंड बाहेर काढतात.

उन्हाळ्यात कुणी फारच घाई करत असेल तर एक सोपी परीक्षा आहे. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीची साल नखाने हलकेच खरवडा. आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर फांदी जिवंत. तपकिरी, कोरडं आणि काटकन मोडणारं असेल तर मेलेली. पण हे एकाच फांदीवर करून थांबू नका. चारही दिशांच्या, वरच्या आणि खालच्या, अशा निदान दहा फांद्या बघा आणि कोणत्या दिशेच्या मेल्यात ते लिहून ठेवा. ही नोंद पुढे फार कामाला येते.

झाडाचा इतिहास विचारा

एक वही घ्या. जमिनीपासून साडेचार फुटांवर बुंध्याचा घेर टेपने मोजा. इंचातल्या घेराला ३ ने भागलं की साधारण व्यास मिळतो. जितके इंच व्यास, तितके फूट बुंध्यापासून चौफेर, हा मुळांचा जपायचा टापू, असा एक ठोकळ नियम आहे. घेर ७२ इंच असेल तर व्यास अंदाजे २४ इंच, म्हणजे बुंध्यापासून २४ फुटांपर्यंतची जमीन त्या झाडाची. कागदावर ते वर्तुळ काढलं की बहुतेकांना पहिल्यांदा लक्षात येतं की आपलं अर्धं पार्किंग झाडाच्या अंगावर आहे.

मग माणसांना विचारा. जुने वॉचमन, पहिल्या दिवसापासून राहणाऱ्या आजी, पूर्वीचे माळीमामा. झाड कधी लावलं? पेव्हर ब्लॉक कधी बसवले? पाण्याची लाइन, गॅसची लाइन, ड्रेनेजचा चर कुठून आणि कोणत्या वर्षी गेला? आवाराची पातळी वाढवण्यासाठी भराव टाकला का?

हे विचारायचं कारण असं की झाड उशिरा कळवतं. मुळं आज तोडली तर वरची फांदी आजच वाळत नाही. साठवलेल्या अन्नावर ते एखाददोन वर्षं, कधी त्याहूनही जास्त काळ तग धरतं आणि मग शेंड्याकडून वाळायला लागतं. तोवर चर कुणाच्या लक्षात राहिलेला नसतो. आमच्या दुसऱ्या गुलमोहराची पूर्वेकडची बाजू वाळली तेव्हा सगळ्यांनी रोग पडलाय असं धरलं, फवारणी झाली, युरिया टाकला. नोंदी चाळल्यावर दिसलं की तीन वर्षांपूर्वी नेमक्या पूर्वेकडून, बुंध्यापासून चार फुटांवरून, केबलचा चर गेला होता. ठेकेदाराने मनगटाएवढी मुळं कुऱ्हाडीने तोडली होती आणि ते आम्ही कुणी थांबवलं नव्हतं. ती चूक आमची सगळ्यांची होती आणि तिची किंमत त्या झाडाने दिली.

खालून वर तपासा

नवखा माणूस झाडाकडे वर बघतो. तुम्ही खाली बघा. वरचा पाला विरळ झाला तर झाड आजारी असेल, पण पडतं ते खालून. गुलमोहराची मुळं उथळ आणि दूरवर पसरणारी, लाकूड हलकं आणि ठिसूळ, वर छत्रीसारखा रुंद पसारा. मादागास्करहून आलेल्या या झाडाला आपण डांबर आणि काँक्रीट यांच्या मधोमध उभं केलं, आणि शहरात ४०-५० वर्षांत ते थकतं.

पहिली गोष्ट, बुंधा जमिनीत कसा शिरतो. निरोगी झाडाचा बुंधा जमिनीजवळ पसरट होत जातो, हत्तीच्या पावलासारखा. तुमचं झाड विजेचा खांब रोवल्यासारखं सरळ आत जात असेल तर त्याच्या पायावर माती किंवा काँक्रीट चढलेलं आहे. हाताने, खुरप्याने सावकाश माती बाजूला करा. खाली साल ओली, काळी, कुजकट वासाची निघाली तर ती कुठवर आहे ते बघा. घेराच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त साल मेली असेल तर प्रकरण गंभीर आहे.

दुसरी गोष्ट, भूछत्र. बुंध्याच्या तळाशी किंवा उघड्या मुळांवर तांबूस तपकिरी, वरून वार्निश मारल्यासारखं चकाकणारं, कडेला पांढुरकं, पंख्याच्या आकाराचं कठीण भूछत्र दिसलं तर ती बहुधा गॅनोडर्मा नावाची बुरशी असते. ती मुळं आणि बुंध्याचा तळ आतून कुजवते. बाहेर भूछत्र दिसतं तेव्हा आतलं काम बरंच पुढे गेलेलं असतं. तिला मारणारं खात्रीचं औषध नाही. भूछत्र खरवडून काढलं म्हणजे रोग गेला असंही नाही, तो फक्त दिसेनासा होतो. आणि वाईट भाग हा की अशी झाडं पूर्ण हिरवी असताना, भर पालवीत, पहिल्या वादळी पावसात मुळासकट आडवी होतात. हिरवा पाला बघून निर्धास्त राहू नका असं मी कळवळून सांगतो ते यासाठी.

तिसरी गोष्ट, कल. जन्मापासून कललेलं झाड वर जाताना पुन्हा सरळ व्हायचा प्रयत्न करतं, त्याचा शेंडा कमानीसारखा वळलेला असतो. असा जुना कल बहुधा भीतीचा नसतो. पण बुंधा काठीसारखा सरळ आणि सगळंच्या सगळं झाड एका बाजूला झुकलेलं, त्यात विरुद्ध बाजूची जमीन उचललेली किंवा भेगाळलेली, हे ताजं लक्षण आहे. हे दिसलं तर लेख वाचत बसू नका. खालच्या गाड्या हलवा, दोरी बांधून जागा बंद करा आणि महापालिकेच्या उद्यान विभागाला कळवा. झाड सरकताना दिसत असेल तर अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा.

चौथी गोष्ट, पोकळी. लाकडी हातोडीने बुंध्यावर खालून वर, चौफेर ठोकत जा. भरीव लाकडाचा आवाज घट्ट येतो, पोकळ जागी ढोलासारखा घुमतो. कान एका दिवसात तयार होत नाही, म्हणून आधी जवळच्या धडधाकट झाडावर ठोकून फरक ऐका. ढोली उघडी असेल तर आत लोखंडी सळई घालून खोली बघा आणि शाबूत लाकडाची भिंत किती जाड आहे ते जमेल तितक्या ठिकाणी मोजा. ढोली असणं म्हणजे झाड संपलं असं नाही, पोकळ नळीही चांगली ताकदवान असते. ठोकळ नियम असा: शाबूत भिंत बुंध्याच्या त्रिज्येच्या एक तृतीयांशाहून कमी उरली की धोका वाढतो. ७२ इंच घेराच्या झाडाची त्रिज्या साडेअकरा-बारा इंच, म्हणजे भिंत चार इंचांच्या आत आली की सावध व्हा. एका बाजूने ढोली फाटून उघडी असेल तर हा नियमही पुरत नाही, तिथे वृक्षतज्ज्ञच हवा.

ढोली सिमेंटने भरायचा सल्ला मिळेल. भरू नका. सिमेंट वाकत नाही, झाड वाऱ्यात हलतं. मधे फट पडते, तिच्यात पाणी साठतं आणि कूज झाकून वाढते.

यानंतर साल. सालीवर भुशाची, जाळीदार, नागमोडी पट्टी आणि तिच्या टोकाला भोक दिसलं तर ती साल खाणारी अळी. दिवसा भोकात बसते, रात्री बाहेर येऊन साल कुरतडते. जाळी झाडूने साफ करा, भोकात तार घालून अळी मारा, रॉकेलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा आत सारून चिखलाने तोंड लिंपा. याला जुने बागायतदार आंबा-पेरूवर हेच करत आलेत. वेळीच केलं तर या एका कारणाने झाड काढायची पाळी येत नाही. फांद्यांवर पांढरा, कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर दुर्लक्ष करू नका. मुंबईत २०१० नंतरच्या दशकात पर्जन्यवृक्ष मोठ्या संख्येने वाळले, त्यात या किडीचा वाटा मोठा होता.

आणि सगळ्यात शेवटी वर बघा. जुलैतल्या पूर्ण पालवीत एकूण छत्रीपैकी किती भाग रिकामा आहे? शेंड्याकडून वाळतंय का? खोडावर आणि जाड फांद्यांवर पानसोटांचे, म्हणजे सरळसोट कोवळ्या फुटव्यांचे, झुबके फुटलेत का? पानसोट हिरवेगार दिसतात, म्हणून लोक खूश होतात, पण शेंडा मेल्यावर झाडाने केलेली ती धडपड असते. खचलेलं झाड एखाद्या वर्षी वेड्यासारखं फुलतं आणि शेंगांनी लगडतं, तेही तब्येतीचं लक्षण धरू नका.

झाडाखाली काय आहे?

याला उत्तर एका वाक्यात मिळतं, पण निर्णय अर्धा त्यावरच ठरतो. त्याच ढोलीचं, त्याच कलाचं झाड मागच्या कोपऱ्यात, जिथे कुणी जात नाही, तिथे असेल तर ते आणखी दहा वर्षं सुखाने उभं राहू द्यावं. मुलांच्या घसरगुंडीवर किंवा शाळेच्या बसथांब्यावर असेल तर नाही. मधला मार्गही असतो. आम्ही पहिल्या गुलमोहराखालचं बाकडं आणि दोन पार्किंग हलवली. झाड तोडण्यापेक्षा बाकडं हलवणं स्वस्त पडलं, आणि हे सुचायला आम्हाला दोन बैठका लागल्या.

निर्णय

माझा हिशोब असा आहे. मुळांजवळ गॅनोडर्मा किंवा ताजा कल, आणि खाली माणसांची वर्दळ: काढा, हळहळत बसू नका. बुंधा भक्कम, पाया शाबूत, छत्रीचा पाव भाग किंवा त्याहून कमी वाळलेला: राखा, पैकीच्या पैकी शक्यता आहे असं धरून कामाला लागा. अर्ध्याहून जास्त छत्री गेलेली आणि पायाही कुजलेला: उपचारांवर खर्च करू नका, तो पैसा नव्या झाडाला द्या.

यांच्या मधली झाडं अवघड. पाया ठीक पण तिसरा हिस्सा वाळलेला, किंवा छत्री बरी पण एका बाजूची मुळं तुटलेली. यांच्यासाठी मी दोन पावसाळ्यांची मुदत ठेवतो. काळजी घ्यायची, दरवर्षी जुलैत त्याच जागेवरून, त्याच कोनातून फोटो काढायचा. दुसऱ्या जुलैत छत्री पहिल्याइतकीच किंवा दाट दिसली तर झाड सावरतंय. आणखी मागे गेली तर उत्तर मिळालं. मात्र मुदत सुरू होते त्याच दिवशी नव्या झाडासाठी खड्डा घ्यायचा. बहुतेक सोसायट्या इथेच चुकतात. जुनं झाड जाईपर्यंत थांबतात, मग दहा वर्षं ऊन सोसतात. वारस आधी लावला तर जुन्याचा निर्णय घाबरून घ्यावा लागत नाही, आणि जुनं वाचलं तर आवारात दोन झाडं होतात.

राखायचं ठरलं तर

रासायनिक खत देऊ नका. हे पहिलं वाक्य मुद्दाम लिहितोय. तुटलेल्या मुळांच्या झाडाला युरिया टाकणं म्हणजे आजाऱ्याच्या ताटात बासुंदी वाढणं.

आधी काँक्रीट काढा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांभोवतीची १ मीटर जागा काँक्रीटमुक्त करायचा आदेश दिला होता. तो किमान आकडा समजा, जमेल तितकं जास्त मोकळं करा. पेव्हर ब्लॉक पहारीने उचकटा, पण खालचं खडीचं अस्तर हातानेच काढा. जेसीबी बुंध्याच्या जवळपासही येऊ देऊ नका. बोटाहून जाड मूळ दिसलं की तिथे थांबा, त्याच्यावर ओली माती टाकून झाका.

घट्ट झालेली जमीन मोकळी करायची तर पूर्ण खणायची नसते. पहारीने दोन-दोन फुटांवर, दीड फूट खोल भोकं पाडा, मूळ लागलं तर जागा बदला, आणि त्यांत चाळलेलं कंपोस्ट व जाड वाळू भरा. मुळांपर्यंत हवा जाते. मग सगळ्या मोकळ्या जागेवर पालापाचोळ्याचं तीन-चार इंच आच्छादन पसरा, पण बुंध्यापासून अर्धा फूट लांब. बुंध्याला पाचोळा किंवा माती टेकवली की साल कुजते. गुलमोहराची स्वतःची बारीक पानं आच्छादनाला उत्तम आहेत, झाडून पोत्यात भरून कचऱ्यात देतो ती.

पाणी बुंध्यावर ओतू नका. पाणी पिणारी कोवळी मुळं छत्रीच्या कडेखाली आणि तिच्याही बाहेर असतात. मार्च ते मे, दहा-बारा दिवसांतून एकदा, पाइप बारीक सोडून तासन्‌तास मुरू द्या. त्याआधी एक फूटभर खोल खड्डा करून पाण्याने भरून बघा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल तर तुमचं झाड तहानलेलं नाही, बुडतंय. तिथे चर काढून निचरा करायचा.

बुंध्याला ठोकलेले खिळे, जाहिरातीच्या पाट्या, दिवाळीच्या माळांच्या तारा, सालीत रुतलेलं लोखंडी ट्री गार्ड, हे सगळं काढा. तार सालीत गडप झाली असेल तर ओढू नका, दिसणारा भाग कापून बाकीचा तसाच सोडा.

छाटणी फक्त वाळलेल्या आणि मोडक्या फांद्यांची. थकलेल्या झाडाची हिरवी पानं हीच त्याची कमाई, ती कमी केली तर ते आणखी खचतं. ‘वरून हलकं करतो’ म्हणत शेंडे सरसकट उडवणाऱ्या माणसाला झाडावर चढू देऊ नका. अशा जखमांतून कूज आत शिरते आणि तिथून फुटलेल्या फांद्या कमकुवत सांध्यांवर उभ्या राहतात, पाच वर्षांनी त्याच पडतात. जाड फांदी तीन कापांत काढतात: बुंध्यापासून फूटभर लांब, खालून एक तृतीयांश काप. त्याच्या किंचित बाहेर, वरून काप, म्हणजे फांदी साल न सोलता पडते. मग उरलेला खुंट, फांदीच्या मुळाशी सुजल्यासारखी जी कडी असते तिच्या लगेच बाहेर. कडी कापायची नाही आणि लांब खुंटही ठेवायचा नाही. झाड जखम भरून काढत नाही, ते तिच्याभोवती भिंत घालून तिला कोंडतं, आणि ती भिंत याच कडीतून उभी राहते. कापावर डांबर फासून ही भिंत लवकर होत नाही. मनगटाहून जाड फांदीचं काम शिडी आणि करवत घेऊन स्वतः करू नका, दोर आणि पट्ट्याने चढणारा माणूस बोलवा.

गेरू-चुन्याचा पट्टा दिसायला छान दिसतो. तेवढ्याने झाड बरं होत नाही.

परवानगी

झाड तुमच्या आवारात असलं तरी शहरात ते मनाने तोडता येत नाही. महाराष्ट्रात १९७५ चा झाडांचं संरक्षण व जतन करणारा अधिनियम शहरी भागांना लागू आहे, आणि त्यात ‘तोडणे’ या शब्दात जाळणं, कापणं आणि झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणं हे सगळं येतं. म्हणून मोठ्या छाटणीलाही अर्ज करा. अर्ज महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे. सोबत सोसायटीचा ठराव, जागेचा नकाशा आणि फोटो जोडा. तुमची वही इथे कामाला येते: जुलैचे दोन फोटो, भूछत्राचा जवळून काढलेला फोटो, ढोलीची मापं. पाहणीला आलेल्या माणसाला बोलण्यापेक्षा हे दाखवा. तोडायच्या झाडावर नोटीस लावून हरकती मागवतात, त्यामुळे पावसाळ्याच्या तोंडावर जागे होऊ नका, हिवाळ्यातच अर्ज द्या.

वयाकडे लक्ष ठेवा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड हेरिटेज वृक्ष धरलं जातं, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावायची जबाबदारी येते. ३८ वर्षांच्या गुलमोहराबदली ३८ झाडं. त्यांना जागा कुठे, हे अर्जाआधी ठरवा. गोव्यात किंवा दुसऱ्या राज्यात राहत असाल तर तिथला कायदा वेगळा आहे, स्थानिक कार्यालयात विचारा.

काढताना

आधी घरटी बघा. मेलेल्या फांदीत सुबक गोल भोक दिसलं तर तांबट असेल, जुन्या ढोलीत पोपट किंवा पिंगळा. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ लक्ष ठेवलं की कळतं. पिल्लं असतील आणि झाड आज-उद्या पडणारं नसेल तर ती उडेपर्यंत थांबा.

आमच्या तिसऱ्या गुलमोहराचा वरचा भाग पूर्ण मेला होता, पण बुंध्याचा तळ टणक होता आणि साडेसात फुटांवरच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी होती. वृक्ष अधिकाऱ्यांशी बोलून आम्ही नऊ फुटांवर खोड राखलं. फांद्या नसल्याने वाऱ्याला पकडायला काही उरलं नाही. दरवर्षी मे मध्ये हातोडीने ठोकून बघतो. पिंगळे अजून तिथेच आहेत, तिन्हीसांजेला ढोलीच्या तोंडाशी बसून डोकं खालीवर करत आम्हाला न्याहाळतात.

गॅनोडर्माचं झाड असेल तर मात्र खोड राखू नका. बुंध्याचा खुंट आणि हाती लागतील तितकी मुळं खणून काढा, कुजकं लाकूड कंपोस्टमध्ये टाकू नका.

नवं झाड

त्याच खड्ड्यात लावायचा मोह होतो, जागा तयार असते. बुरशी असलेल्या जागी लावू नका. दहा-बारा फूट सरका आणि तिथे गुलमोहराच्या शेंगकुळातलं झाड टाळा, म्हणजे बहावा, सोनमोहर, करंज आणि सीता अशोकही नकोत. अशा ठिकाणी मी ताम्हण लावला. आपलं राज्यफूल, जांभळी फुलं एप्रिल-मे मध्ये, म्हणजे गुलमोहराच्याच हंगामात, आणि पसारा आटोपशीर. त्याला ओलावा आवडतो, तेव्हा पहिली तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी चुकवू नका. बकुळ सावकाश वाढते, पण वर्षभर हिरवी आणि लाकूड मजबूत. भिंतीलगतच्या छोट्या जागेला रक्तकांचन, पण तोही शेंगकुळातला, म्हणून बुरशी नसेल तिथेच. बुरशी नसलेल्या, भरपूर उन्हाच्या जागेला बहावा, मात्र पार्किंगच्या डोक्यावर नको, हातभर लांब शेंगा पडतात. जुन्या झाडाच्या सावलीत वारस लावायचा असेल तर सीता अशोक, त्याला सावली मानवते. ताम्हण आणि बहावा मात्र सावलीत रखडतात, त्यांना छत्रीच्या बाहेर उघडी जागा द्या.

कुणी म्हणेल पुन्हा गुलमोहरच लावू. ते मन मला कळतं. त्याच्या पाकळ्यांतली ती एक ठिपकेदार पाकळी आंबट म्हणून खाल्लेली आणि पुंकेसरांचे कोंबडे करून झुंजवलेली पिढी आमची. मोकळ्या मैदानात, इमारतीपासून चाळीस फुटांवर जागा असेल तर जरूर लावा. पार्किंगच्या कडेला नको.

खड्डा मे मध्ये घ्या, तीन फूट लांब-रुंद-खोल, आणि दोन-तीन आठवडे उन्हात तापू द्या. निघालेल्या मातीत चांगलं कुजलेलं शेणखत साधारण चौथा हिस्सा मिसळा. रोप सहा-आठ फुटी घ्या, पण उंचीपेक्षा मुळं बघा. पिशवी फाडल्यावर मुळं गोल गोल फिरलेली असतील तर ती सोडवा, सुटत नसतील तर बाहेरचं वेटोळं उभं चिरा. ते वेटोळं तसंच राहिलं तर वीस वर्षांनी बुंध्याचा गळा आवळतं. पिशवीत जितकं खोल होतं तितकंच लावा, बोटभरही जास्त नाही. खड्डा नंतर बसतो, म्हणून तळाची माती पायाने दाबून घ्या. दोन बाजूंना बांबू, सुती पट्टीने सैल बांधणी, बुंधा थोडा हलायला हवा, त्यानेच तो जाड होतो. दोन वर्षांनी बांबू काढा.

लागवड जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, दोन चांगले पाऊस झाल्यावर. पावसाळा संपला की पहिला उन्हाळा येईपर्यंत आठवड्यातून एकदा पाणी, मार्चपासून आठवड्यातून दोनदा, दर वेळी एक मोठी बादली, आळ्यात सावकाश. हे काम कुणाचं ते नावानिशी ठरवा आणि जिन्याखालच्या फळ्यावर लिहा. आमच्याकडे सोमवार-गुरुवार दुसऱ्या मजल्यावरची आठवीतली मुलगी पाणी घालते. तिच्या ताम्हणाला यंदा पहिला तुरा आला.